नागपुरातून ट्यूनाच्या सफरीला: खोल समुद्रातली मासेमारी बुक करताना काय, कसं आणि कोणत्या क्रमाने

नागपुरातून अशी सफर ठरवणारे बहुतेक जण आधी स्वस्तातली विमानाची तिकिटं काढतात, मग हॉटेल पाहतात आणि बोटीचं तिथे गेल्यावर बघू म्हणतात. हा क्रम उलटा करायला हवा. खोल समुद्रात ट्यूनामागे जाणारे चांगले कॅप्टन मोजके आहेत आणि हंगामातले त्यांचे दिवस लवकर भरतात. तिकिटाच्या तारखेला जी बोट रिकामी सापडते, ती बरेचदा पर्यटकांना बेटं फिरवून आणणारी असते. तिच्यावर रॉड खोचायला जागा नसते, मासा ठेवायला पुरेसा बर्फ नसतो आणि नाखव्याला किनारा सोडून लांब जायची सवय नसते. म्हणून आधी जागा ठरवा, मग महिना, मग बोट आणि कॅप्टन. विमानाचं तिकीट त्यानंतर.

खिंडसीच्या किंवा वडगाव धरणाच्या काठावर गळ टाकून रोहू, कटला, मरळ काढलेल्या माणसाचा धीर आणि हाताची ओळख समुद्रातही उपयोगी पडते. ज्याने कधीच गळ धरलेला नाही, त्यानेही जायला हरकत नाही, कारण गाईड असतोच. फक्त आपण नवखे आहोत हे बुकिंगच्या पहिल्याच फोनवर सांगावं. गाईड त्याप्रमाणे जागा, सामान आणि बोटीवरची माणसं ठरवतो.

जागा: खोल पाणी किती जवळ आहे?

माझ्या मते सगळा निर्णय या एका प्रश्नावर उभा आहे. यलोफिन ट्यूना हा मोकळ्या, खोल समुद्रातला मासा. मुंबईसमोर समुद्राचा तळ फार हळूहळू उतरतो. उथळ पट्टाच सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो, तरी कोकणातून सकाळी निघून संध्याकाळी परतणाऱ्या छोट्या बोटीला खऱ्या खोल पाण्यात पोचून मासेमारी करायला वेळ उरत नाही. कोकणच्या बाजारात दिसणारा कुपा आणि गेदर यांत किनाऱ्यालगत फिरणाऱ्या लहान जाती बऱ्याच असतात. सुरमई आणि गेदरसाठी मालवण-रत्नागिरीकडे जरूर जावं, ती मासेमारी सुंदर आहे. पण तिथल्या एका दिवसाच्या सफरीत मोठा यलोफिन ‘नक्की’ मिळेल असं कोणी सांगत असेल, तर किती किलोमीटर आत जाणार आणि तिथे किती मीटर पाणी असेल, हे विचारा.

अंदमानची गोष्ट वेगळी आहे. ही बेटं म्हणजे समुद्रात बुडालेल्या डोंगररांगेची माथी. किनारा सोडून थोडं बाहेर गेलं की तळ शेकडो मीटर खाली जातो, त्यामुळे यलोफिन, डॉगटूथ ट्यूना, सेलफिश, वाहू, जायंट ट्रेव्हली हे सगळे एका दिवसाच्या टप्प्यात येतात. भारतात राहून ट्यूनासाठी पहिली सफर करायची तर मी अंदमानच सुचवेन. श्री विजयपुरम किंवा स्वराज द्वीप इथून बोटी निघतात. पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम हे नाव सप्टेंबर २०२४ मधलं आणि हॅवलॉकचं स्वराज द्वीप २०१८ मधलं. तिकिटांवर आणि बोटवाल्यांच्या बोलण्यात जुनी-नवी दोन्ही नावं येतात, गोंधळू नका.

बॅरन आयलंडचं नाव तुमच्या कानावर येईलच. भारतातला हा एकमेव जागृत ज्वालामुखी आणि त्याच्या कडेचं पाणी मोठ्या डॉगटूथसाठी प्रसिद्ध. पण हिशेब करा. श्री विजयपुरमपासून ते सुमारे १३५ ते १४० किलोमीटर. २० नॉटने चालणारी बोट तासाला ३७ किलोमीटर कापते, म्हणजे एका बाजूला पावणेचार तासांच्या आसपास, तेही समुद्र शांत असेल तर. जाऊन-येऊन साडेसात तास गेले की गळ पाण्यात राहणार किती? तिथे जायचंच असेल तर बोटीवर मुक्काम असलेली सफर घ्या. पहिल्याच वेळी मात्र ते टाळावं.

लक्षद्वीपमध्ये ट्यूना भरपूर. मिनिकॉयचे मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या बांबूच्या काठीने स्किपजॅक काढतात. पण बाहेरच्या माणसाला आधी प्रवेश परवाना काढावा लागतो आणि पर्यटकांसाठी अशा मासेमारीची सोय मर्यादित आहे. मालदीवला पासपोर्ट आणि वाढीव खर्च आला.

महिना

अंदमानात नैऋत्य मोसमी पाऊस मेमध्येच पोचतो. तो सरतो न सरतो तोच ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्येकडून वारे सुरू होतात आणि बंगालच्या उपसागरात चक्रीवादळं तयार होतात. त्यामुळे डिसेंबरचा उत्तरार्ध ते एप्रिलचा पूर्वार्ध हा भरवशाचा काळ. त्यातही फेब्रुवारी आणि मार्चमध्ये पाणी बहुधा जास्त शांत असतं. पूर्व किनाऱ्यावर आणि अंदमानात १५ एप्रिल ते १४ जून असा मासेमारी बंदीचा काळ असतो. बंदी मुख्यतः व्यावसायिक मासेमारीसाठी असली, तरी या दिवसांत कोणी सफर देऊ करत असेल तर ती कोणत्या नियमात बसते हे लेखी विचारा. शाळेच्या उन्हाळी सुट्टीशी सफर जुळवायचा मोह नागपूरकरांना होणारच, पण मे महिना यासाठी योग्य नाही.

तारीख नक्की करताना पंचांगही उघडा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, प्रवाह जोरात वाहतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, म्हणजे प्रवाह सौम्य. खोल पाण्यात जिग, म्हणजे धातूचं वजनदार नकली आमिष, सोडून मासेमारी करायला थोडा प्रवाह हवाच, पण तो फार झाला की बोट वाहत जाते आणि जिग तळाशी पोचत नाही. कोणत्या तिथीला कुठे जायचं याबद्दल प्रत्येक कॅप्टनचा आपला अनुभव असतो. ‘तुमच्या भागात कोणत्या भरतीला मासा चांगला लागतो?’ असा प्रश्न विचारला की समोरच्याला समुद्र किती कळतो हेही कळून येतं.

बोट आणि कॅप्टन

इथे घाई करू नका. किमान दोन-तीन जणांशी फोनवर सविस्तर बोला. नुसत्या व्हॉट्सअ‍ॅपवर ठरवू नका. हातात मोठा मासा धरलेले फोटो सगळेच पाठवतात. त्याऐवजी गेल्या हंगामातल्या याच महिन्यातले फोटो मागा. त्या आठवड्यात काय लागलं, काय लागलं नाही, हे विचारा. ‘रिकाम्या हाताने परत आलो असे दिवसही होते’ असं मोकळेपणाने सांगणारा गाईड मला जास्त भरवशाचा वाटतो. मासा मिळण्याची हमी देणाऱ्याचा फोन ठेवून द्यावा.

मग बोटीवर या. लांबी किती, इंजिनं किती? किनाऱ्यापासून लांब जाणाऱ्या बोटीला दोन इंजिनं असावीत, असा आग्रह धरा. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर परत येता येतं. व्हीएचएफ रेडिओ चालू आहे का? समुद्रात मदतीची हाक चॅनल १६ वर दिली जाते आणि मोबाईलला तिथे रेंज नसते. जीपीएस आणि तळ दाखवणारा फिशफाइंडर आहे का? प्रत्येक माणसाला त्याच्या मापाचं लाईफ जॅकेट आहे का? डोक्यावर सावली आहे का? सलग नऊ-दहा तास उन्हात राहायचं आहे, म्हणून हा प्रश्न सोडू नका. शौचालय आहे का? बरोबर स्त्रिया किंवा मधुमेही माणूस असेल तर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा. बर्फाची पेटी केवढी आणि किती बर्फ घेऊन निघतात? बोटीची नोंदणी, प्रवासी नेण्याची परवानगी, माणसांची मर्यादा आणि विमा यांचे कागद व्हॉट्सअ‍ॅपवर मागून घ्या. त्यात संकोच नको. नीट काम करणारा माणूस ते लगेच पाठवतो.

एका बोटीवर गळ टाकणारे तीन किंवा फार तर चार असावेत. पाच-सहा जण उभे राहिले की गळ फेकायला मोकळी जागा राहत नाही, दोऱ्या एकमेकींत अडकतात आणि मोठे हुक लागण्याचा धोका वाढतो. पैसे वाचवायला माणसं वाढवणं ही खोटी बचत आहे. तुमचे दोघेच असतील आणि गाईड अनोळखी लोकांबरोबर बोट वाटून घ्यायला सुचवत असेल, तर ते लोक कोणत्या पद्धतीने मासेमारी करणार आहेत ते विचारा. एकाला दिवसभर ट्रोलिंग (चालत्या बोटीमागे आमिष ओढत नेणं) हवं आणि दुसऱ्याला पॉपिंग (पाण्यावर खळबळ करणारं आमिष फेकून ओढणं), असं झालं की दोघांचाही दिवस वाया जातो.

कुठे जाणार हेही स्पष्ट करून घ्या. वांडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आणि राणी झाशी सागरी राष्ट्रीय उद्यान इथे मासेमारी चालत नाही. नॉर्थ सेंटिनेल बेटाभोवती ५ सागरी मैलांच्या आत जायला सक्त बंदी आहे. ‘तिकडे कोणी बघत नाही’ असं म्हणणाऱ्या माणसाबरोबर समुद्रात जाऊ नये, कारण तो सुरक्षेच्या बाबतीतही तसाच वागेल.

पैसे आणि अटी

दर बहुधा माणशी नसून बोटीचा, दिवसाचा असतो. त्यात काय धरलंय ते एकेक करून विचारा: इंधन, गाईड, खलाशी, रॉड-रील, जेवण, पाणी, बर्फ, हॉटेल ते जेट्टी गाडी, जीएसटी. इंधन वेगळं असेल तर लांबच्या जागेला किती वाढेल तेही आधीच. जिग तुटली, ल्यूर (नकली आमिष) गेला तर त्याचे पैसे कोणाचे? खडकाळ तळावर दिवसात दोन-चार जिग सहज जातात. समजा बोटीचे दिवसाचे ४५,००० रुपये ठरले आणि तिघे आहात, तर माणशी १५,००० झाले. तीन दिवसांच्या बोटीत विमान, फेरी, हॉटेल आणि तुटलेलं सामान मिळवून मगच मित्रांना आकडा सांगा. पैशांवरून मन दुखावतं ते नेहमी अर्धवट सांगितलेल्या आकड्यामुळे.

आगाऊ रक्कम देण्याआधी हवामानाची अट लिहून घ्या. कॅप्टनने खराब हवामानामुळे सफर रद्द केली तर पैसे परत की दुसरी तारीख? अर्ध्या दिवसात परत यावं लागलं तर? तुमचं विमान चुकलं तर? हे सगळं एका संदेशात लिहा आणि समोरच्याचं ‘मान्य’ असं उत्तर आल्यावर पैसे पाठवा. रक्कम शक्यतो व्यवसायाच्या खात्यात भरून पावती घ्या. बाहेर जायचं की नाही, हा शेवटचा शब्द मात्र कॅप्टनचाच राहू द्या. त्याने नाही म्हटलं की वाद घालायचा नाही.

बोट तीन दिवसांची घ्या. पहिला दिवस हात बसायला जातो आणि एखादा दिवस वारा खाऊ शकतो. शिवाय एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा.

तिकिटं आणि प्रवास

बोट पक्की झाली की तिकीट. सोनेगावच्या विमानतळावरून कोलकाता, बंगळुरू किंवा हैदराबादमार्गे जाणं होतं. शक्यतो सगळा प्रवास एकाच तिकिटावर काढा. दोन वेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान उशिरा पोचलं, तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. जोडणी घाईची असेल तर मधल्या शहरात रात्र काढलेली बरी. पुढे स्वराज द्वीपला फेरीने साधारण दीड ते अडीच तास लागतात आणि वारा वाढला की फेऱ्या रद्द होतात. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच श्री विजयपुरमला यायचं. भारतीय नागरिकांना या दोन्ही ठिकाणी जायला परवाना लागत नाही. आधार कार्ड जवळ ठेवा. निकोबार आणि आदिवासी राखीव क्षेत्रांचे नियम वेगळे आहेत.

आणखी एक बाब: अंदमान नागपूरच्या पूर्वेला साडेतेरा अंशांवर आहे, पण घड्याळ तेच. सूर्य तिथे आपल्यापेक्षा सुमारे तासभर आधी उगवतो आणि मावळतोही लवकर. बोट पहाटे पाचला निघेल असं धरून रात्री लवकर झोपा.

सामान

पहिल्या सफरीला रॉड-रील गाईडचंच वापरा. विकत घेण्याआधी ते हातात धरून बघणं गरजेचं आहे, आणि ट्यूनाच्या ताकदीचं चांगलं रील महाग असतं. फक्त बुकिंगच्या वेळी विचारून ठेवा: पॉपिंगसाठी पीई ६ ते ८ ची (पीई हे दोरीच्या जाडीचं माप) वेणीची दोरी आहे का, रीलवर ती किमान ३०० मीटर आहे का आणि या हंगामात बदलली आहे का. जुनी, खरबरीत दोरी ऐन वेळी तुटते.

स्वतःचा रॉड न्यायचा असेल तर हार्डवेअरच्या दुकानातून चार इंची पीव्हीसी पाईप कापून घ्या, दोन्ही बाजूंना झाकणं लावा आणि विमान कंपनीला लांबी आधी कळवा. हुक, सुरी, पक्कड हे सगळं चेक-इनच्या बॅगेत; पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या केबिनमध्ये. उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र परवानगीशिवाय नेऊ नका, भारतात त्यावर गुन्हा दाखल होतो.

अंगावर पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट, मान झाकणारी टोपी, पोलराइज्ड चष्मा, हातमोजे आणि न घसरणारे बूट हवेत. चष्मा उन्हाइतकाच उडून येणाऱ्या हुकपासून डोळा वाचवायला लागतो.

नागपुरात असतानाच दोन गोष्टींचा सराव करा. एक, वेणीच्या दोरीला लीडर, म्हणजे हुककडचा जाड दोरीचा तुकडा, जोडायची एफजी गाठ. ती पंख्याखाली बसून शिकायची गोष्ट आहे. हलत्या बोटीवर जमत नाही. दुसरी, सामान तोलायचा हातकाटा रॉडच्या दोरीला लावा आणि घरच्या माणसाला धरायला सांगून ८ किलोपर्यंत ओढून बघा. ड्रॅग, म्हणजे मासा ओढताना दोरी रोखून धरणारा रीलचा ब्रेक, दोरीच्या ताकदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापर्यंत ठेवतात, म्हणजे ८० पौंडी दोरीला जास्तीत जास्त १२ किलो. आठ किलोचा ताण दहा मिनिटं धरणं किती कठीण आहे हे कळलं की महिनाभर आधीपासून पाठ, मांड्या आणि मनगटांचा व्यायाम आपोआप सुरू होतो.

तब्येत

ज्यांना चिखलदऱ्याच्या घाटात गाडी लागते, त्यांना बोटही लागू शकते. ज्यांना गाडी लागत नाही, त्यांनाही लागते. सिनारिझिन किंवा प्रोमेथाझिनच्या गोळ्या आपल्या डॉक्टरांना विचारून आणा. एक आदल्या रात्री आणि एक निघण्यापूर्वी, असं बरेच डॉक्टर सांगतात. उलटी सुरू झाल्यावर गोळीचा फारसा उपयोग नाही. काही गोळ्यांनी झोप येते, म्हणून घरी एकदा घेऊन बघा. आदल्या रात्री दारू आणि तर्रीदार जेवण नको. बोटीवर मोबाईलमध्ये डोकं घालू नका, नजर क्षितिजावर ठेवा आणि धुराच्या बाजूला बसू नका. हृदयविकार, रक्तदाब किंवा पाठीचं जुनं दुखणं असेल तर गाईडला सांगा. प्रवास विमा घेताना समुद्रातली मासेमारी त्यात धरली आहे का, हे वाचा. साहसी खेळ बरेचदा वगळलेले असतात.

निघण्याच्या तीन-चार दिवस आधीपासून हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा समुद्र-स्थितीचा अंदाज रोज पाहा. एक मीटरच्या आतल्या लाटा नवख्यालाही सोसतात. दीड-दोन मीटरच्या पुढे दिवस कठीण जातो. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आहे. तो आणि बोटीचं नाव, कॅप्टनचा क्रमांक, परतायची वेळ घरच्यांकडे लिहून द्या.

पाण्यावर

गाईड पाण्यापेक्षा आकाशाकडे जास्त बघतो. कुररी पक्ष्यांचा थवा एका जागी सूर मारू लागला की खाली बारीक मासा वर ढकलला गेलेला असतो आणि त्याच्याखाली ट्यूना असतो. बोट थव्याच्या मधून जात नाही. कॅप्टन वाऱ्याच्या बाजूने येऊन इंजिन कमी करतो आणि तुम्हाला फेकायला मोजके क्षण मिळतात. गळ फेकण्याआधी मागे बघा आणि मोठ्याने ‘फेकतोय’ म्हणा. यलोफिन लागला की लांब पळतो, मग बोटीखाली गोल गोल फिरतो. तिथे कस लागतो. डॉगटूथ उलट थेट खडकाकडे धावतो आणि पहिल्या काही सेकंदांत त्याला रोखलं नाही तर दोरी घासून तुटते. त्या वेळी गाईड ओरडून सांगेल तेवढंच करा.

किती मासे ठेवायचे हे सकाळीच ठरवा. माझं मत स्पष्ट आहे: बोटीवरची माणसं संध्याकाळी खातील तेवढा एखादा मध्यम ट्यूना पुरे. जायंट ट्रेव्हली, सेलफिश आणि फार मोठे डॉगटूथ सोडून द्यावेत, कारण मोठी मादीच पुढची पिढी देते. शार्क लागला तर बोटीवर न घेता दोरी कापा. अनेक जाती कायद्याने संरक्षित आहेत. ट्यूनाला श्वासासाठी सतत पोहत राहावं लागतं, त्यामुळे सोडताना त्याला पाण्यात धरून थांबू नका. ओल्या हातांनी उचलायचा, एक फोटो घ्यायचा आणि डोकं खाली करून जोरात पाण्यात सोडायचा, म्हणजे कल्ल्यांतून लगेच पाणी जातं.

जो ठेवायचा, त्याचं रक्त लगेच काढून त्याला बर्फ आणि समुद्राचं पाणी मिसळलेल्या पेटीत घालायला सांगा. ट्यूनाचं अंग भोवतीच्या पाण्यापेक्षा गरम असतं आणि झुंजीत ते आणखी तापतं. तो उन्हात पडून राहिला तर जिवाणूंमुळे त्याच्या मांसात हिस्टामिन तयार होतं. असा मासा खाल्ल्यावर काही वेळातच चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, अंगावर पुरळ उठतं, छाती धडधडते. तळून, शिजवून किंवा गोठवून हे हिस्टामिन जात नाही. बुकिंग करताना बर्फाबद्दल विचारायला सांगितलं ते यासाठीच. नागपूरपर्यंत कच्चा ट्यूना आणायच्या फंदात पडू नका. दोन विमानं आणि मधला थांबा यांत थंडावा टिकवणं अवघड आहे. हॉटेलच्या आचाऱ्याशी सकाळीच बोलून ठेवा, संध्याकाळी तिथेच खा आणि उरलेला खलाशांना द्या.

रात्री कितीही दमला असाल तरी स्वतःचं सामान असेल तर ते गोड्या पाण्याने धुऊनच झोपा. रीलचं ड्रॅग आवळून हलक्या धारेखाली धरा, हुक आणि जिग पुसून कोरडे करा. नागपूरला आल्यावर ड्रॅग सैल करून मगच रील कपाटात ठेवा.